तीन मिलिमीटरचा फुगवटा

घोलवड-बोर्डीकडचे चिकूवाड्यांमधून जाणारे रस्ते असे, की समोरून एसटी आली की एकाने कुंपणाला टेकून उभं राहायचं. तसल्या घासाघाशीत गाडीचा पहिला बळी जातो तो बाजूच्या आरशाचा. खट् आवाज होतो, आरसा दुमडतो, काचेला तडे जातात आणि मालक म्हणतो, बघू नंतर. हे ‘नंतर’ उगवतं ते पासिंगची तारीख तोंडावर आल्यावर.

डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतल्या गाड्या वसईच्या परिवहन कार्यालयाकडे, एमएच-४८ मध्ये. चिकूचा टेम्पो असो की प्रवासी इको, नव्या गाडीची पहिली दोन वर्षं गेली की फिटनेस, म्हणजेच पासिंग, आलाच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. घरच्या गाडीला पंधरा वर्षं सूट, मग तिलाही तपासणीला उभं राहावं लागतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ६२ व्या नियमाखाली तपासायच्या गोष्टींचा तक्ता आहे. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, हॉर्न, वायपर यांच्या पंगतीला तिथे आरसाही बसला आहे. इंजिन कितीही गोड चालत असो, फुटक्या आरशापायी गाडी माघारी येऊ शकते.

मग धावपळ. काचवाल्याकडे मापाचा कागद न्यायचा, तो साध्या आरशातून तेवढा तुकडा कापून देतो, डबल टेपने चिकटवला की काम फत्ते. आरसा दिसतो अख्खा, चकचकीत. तपासणारा घाईत असला तर गाडी पासही होईल. पण फुटलेली काच आणि हा नवा तुकडा यांत काय फरक आहे, हे एकदा कळलं की तो तुकडा लावायला हात धजत नाही.

शाळेच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घ्या आणि गाडीच्या मूळ आरशावर आडवी ठेवा. ती मधोमध टेकते आणि दोन्ही टोकांना डुलते. टोकाशी दोनेक मिलिमीटरची फट दिसते. हा आरसा सपाट नाहीच. साधारण एक मीटर वीस सेंटिमीटर त्रिज्येच्या, म्हणजे माणसापेक्षाही उंच अशा गोलाचा तो तुकडा आहे, कलिंगडाच्या सालीचा काप काढावा तसा. सतरा सेंटिमीटर रुंद आरशात मधला भाग कडेपेक्षा फार तर तीन मिलिमीटर वर असतो. नुसत्या डोळ्यांना हा फुगवटा जाणवतही नाही.

आता त्या तीन मिलिमीटरची करामत बघा. उजवा आरसा ड्रायव्हरच्या डोळ्यापासून पाऊण मीटरच्या आत असतो. तिथे सपाट काच लावली तर मागचा जेमतेम चौदा अंशांचा पट्टा दिसतो, फुगीर काचेत तीस अंशांच्या आसपास. डावा आरसा लांब, सव्वा मीटरच्या पलीकडे. तिथे सपाट काच साडेसात अंश दाखवते आणि फुगीर काच तेवीस. तिप्पट! त्या साडेसात आणि तेवीस अंशांच्या मधल्या पट्टीत कोण असतं? चारोटी नाक्यावर डावीकडून घुसणारा मोटारसायकलवाला असतो, रिक्षा असते, डोक्यावर भारा घेऊन कडेने चाललेली बाई असते. सपाट तुकडा चिकटवला की ही सगळी माणसं आरशातून एका झटक्यात पुसली जातात.

फुगीर काच एवढं जग दाखवते, ते फुकट नाही. ती सगळं लहान करून दाखवते. हिशेब शाळेतल्या आरशाच्या सूत्राचाच आहे. मागे वीस मीटरवर तीन मीटर उंचीचा ट्रक आहे असं धरा. त्याची प्रतिमा काचेच्या मागे अठ्ठावन्न सेंटिमीटरवर, सव्वा हातावर, उमटते आणि तिची उंची नऊ सेंटिमीटरही भरत नाही. ट्रक शंभर मीटरवर असो की क्षितिजावर, प्रतिमा साठ सेंटिमीटरच्या पलीकडे जाऊच शकत नाही. तलासरीपासून मागे मनोरपर्यंत पसरलेला महामार्ग त्या काचेमागे दीड हाताच्या आत घडी घालून बसलेला असतो. सूत्र पाठ करून परीक्षा दिलेल्या आपल्यापैकी कितीजणांना हे कुणी सांगितलं होतं?

मेंदूला मात्र हे साठ सेंटिमीटर कळत नाहीत. तो ट्रकचा आकार बघतो आणि सवयीने अंतर ठरवतो. वीस मीटरवरचा ट्रक उजव्या आरशात चव्वेचाळीस मीटरवर असल्यासारखा वाटतो. तोच ट्रक डाव्या आरशात चौसष्ट मीटरवर वाटतो, कारण डोळा काचेपासून जितका दूर तितकी फसवणूक जास्त. वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ असते, ही पुष्कळ आरशांवर इंग्रजीत कोरलेली सूचना आपण फक्त ट्रकमागच्या शायरीसारखी वाचून सोडून देतो. मात्र वर्षानुवर्षं एकाच गाडीवर बसणाऱ्या ड्रायव्हरचा मेंदू ही फसवणूक हिशेबात धरायला शिकलेला असतो. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला फुगीर काच लावली की त्याचा तो हिशेबच कोलमडतो. शिवाय रात्र असते. मागच्या ट्रकचा हेडलाइट उजव्या आरशातल्या सपाट काचेतून फुगीर काचेच्या साडेचार पट उजेड डोळ्यात ओततो.

फुटलेल्या आरशाकडेही एकदा नीट बघायला हवं. तडे आरपार गेलेले असतात, तरी तुकडे खाली पडत नाहीत. ही नशिबाची गोष्ट नाही. आरशांचा आंतरराष्ट्रीय नियम क्रमांक ४६ आहे, आणि आपल्याकडे एआयएस-००१ नावाचं मानक आहे. त्या आंतरराष्ट्रीय नियमात एक अजब कसोटी दिली आहे. १६५ मिलिमीटर व्यासाचा, रबराचं अस्तर लावलेला, पावणेसात किलोच्या आसपास वजनाचा गोळा एक मीटर लांबीच्या दांड्यावरून झुलवून आरशावर आदळवायचा. काच फुटली तर चालेल, पण तुकडे मागच्या पाठीला चिकटून राहिले पाहिजेत. आरसा दुमडतो तोही याचसाठी. रस्त्यावरच्या माणसाचा खांदा लागला तर खांद्याने नाही, आरशाने हार मानायची. डबल टेपवरच्या सपाट काचेने अशी कुठलीच परीक्षा दिलेली नसते.

आणि एवढं सगळं असताना, हा आरसा गाडीला फार उशिरा आला. लंडनच्या डोरोथी लेव्हिट हिने १९०९ मधल्या पुस्तकात गाडी चालवणाऱ्या बायकांना सुचवलं होतं की हातआरसा जवळ ठेवा आणि मागचं बघायला तो उंच धरा. १९११ च्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत रे हॅरून आरसा लावून धावला आणि जिंकला. पुढे त्यानेच सांगितलं की आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच दिसलं नाही. आपल्याकडे तर परवापरवापर्यंत साध्या मॉडेलच्या गाड्या एकट्या उजव्या आरशावर विकल्या जात. डावा आरसा म्हणजे चैन!

हॅरूनची ती थरथर आजही सोडत नाही. आरसा ज्या बॉलवर फिरतो तो झिजला की काच हलते, आणि काच एक अंश हलली की परावर्तित किरण दोन अंश हलतो. पन्नास मीटर मागे त्याचा फरक पावणेदोन मीटर पडतो, म्हणजे अर्धी लेन. म्हणून नवी काच घेण्याआधी आरशाचं घर हाताने हलवून बघा. ते खुळखुळत असेल तर अख्खा आरसाच बदला.

घर शाबूत असेल तर काम घरीही होतं. बऱ्याच गाड्यांची काच प्लॅस्टिकच्या पाठीसकट स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. डहाणूत नाही मिळाली तर तलासरीहून वापी गाठता येते. फुटक्या काचेवर आधी रुंद चिकटपट्टी आडवी-उभी लावा, हातमोजे घाला. काचेची आतली, म्हणजे दाराकडची कड हळूच दाबा, बाहेरची कड वर येईल. त्या फटीत बोटं घालून मागची खुंटी ओढली की पाठ सुटते. नवी काच बसवताना कापड ठेवून मधोमध तळव्याने दाबायचं, ‘कट’ असा आवाज आला की बसली.

नुसतीच काच चिकटवायची असेल तर फेव्हिक्विक नको. ते कडक होतं, रस्त्याच्या थरथरीने सुटतं, आणि त्याच्या वाफेने काचेवर पांढुरकी साय धरते. सिलिकॉन वापरायचं तर व्हिनेगरचा आंबट वास येणारंही नको. त्यातलं आम्ल काचेमागचा मुलामा खातं. आधीच डहाणूच्या खाऱ्या हवेत मुलामा कडेने काळा पडत असतो, त्यात भर कशाला? दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागा आणि एक रात्र सुकू द्या. म्हणजेच हे काम पासिंगच्या सकाळी करायचं नाही.

मग नेहमीच्या जागी, नेहमीसारखे बसून आरसा लावा. गाडीची कड अगदी पुसटशी दिसावी, क्षितिज मधोमध यावं. आणि काच विकत घेताना पट्टी खिशात ठेवा. दुकानदाराच्या समोर ती काचेवर टेकवा. टोकांना फट दिसली नाही, तर काच कितीही स्वस्त असो, घेऊ नका.