वाटून दिलेला कारभार

चुलीवर दूध तापत असते. घरातील बाई भाजी चिरता चिरता पातेल्याकडे लक्ष ठेवून असते. दूध वर चढू लागले की ती चटकन जाळ मागे ओढते. ते खाली बसले की लाकूड पुन्हा थोडे आत सारते. पाहणे, जे हवे त्याच्याशी ताडून पाहणे आणि त्याप्रमाणे जाळ कमीअधिक करणे, एवढेच तिचे काम. परंतु ते एकदा करून भागत नाही. जाळ कमी केल्यावर काय झाले हे तिला पुन्हा पाहावेच लागते. पाहण्यापासून पाहण्यापर्यंतच्या या फेऱ्याला नियंत्रणाचे चक्र म्हणता येईल. मोठमोठ्या कारखान्यांचा सारा कारभार अशाच चक्रांवर चालतो.

तेलशुद्धीकरणाचा कारखाना घ्या. तेथे कच्चे खनिज तेल नळ्यांतून भट्टीत जाते आणि सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ते कमी तापले तर त्यातील निरनिराळे घटक नीट वेगळे होत नाहीत. फार तापले तर नळ्यांच्या आत कोळसा धरतो. भट्टीतील जाळ, नळीतील प्रवाह, टाकीतील पातळी, बाष्पाचा दाब अशी शेकडो चक्रे तेथे रात्रंदिवस एकाच वेळी फिरत असतात. एकट्या माणसाने किती पातेल्यांकडे लक्ष द्यावे?

यंत्रालाच यंत्रावर लक्ष ठेवावयास लावण्याची युक्ती जुनी आहे. जेम्स वॉट याने १७८८ साली आपल्या वाफेच्या एंजिनाला गरगर फिरणारे दोन जड गोळे बसविले. एंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात व वाफेची झडप मिटू लागे; वेग कमी झाला की ते खाली येत व झडप उघडे. अशी युक्ती पवनचक्क्यांत त्यापूर्वीही होती. पुढे १८८५ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात आल्बर्ट बुट्झ याने घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीसाठी एक झाकण केले. खोली गार पडली की ते आपोआप उघडे आणि भट्टीत वारा शिरून विस्तव फुले.

विसाव्या शतकात कारखान्यांतून निरोप नेण्याचे काम दाबलेल्या हवेकडे आले. बारीक नळीतील हवेचा दाब प्रत्येक चौरस इंचास ३ पौंडांपासून १५ पौंडांपर्यंत बदले आणि त्यावरून तपमान किंवा पातळी किती हे दूरच्या खोलीत कळे. त्यामुळे सर्व मापके एका नियंत्रणकक्षात मांडता आली. हवेची जागा विजेने घेतली तेव्हा ४ मिलिअँपिअरपासून २० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह वापरण्याची प्रथा पडली. आरंभ शून्यापासून का केला नाही? टाकी रिकामी असेल तर ४ मिलिअँपिअर प्रवाह येतो. पण तारच तुटली तर प्रवाह शून्य होतो. ‘टाकीत काही नाही’ आणि ‘निरोप्याच मार्गात पडला’ या दोन बातम्या त्यामुळे वेगळ्या ओळखता येतात.

मग संगणक आला. १९५९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यात पोर्ट आर्थर येथील तेलशुद्धीकरण कारखान्याच्या एका विभागाचा कारभार संगणकाने हाती घेतला. २६ प्रवाह, ७२ तपमाने, ३ दाब आणि ३ ठिकाणचे घटकांचे प्रमाण त्याच्या देखरेखीखाली आले. १९६२ साली इंग्लंडमधील एका रसायनांच्या कारखान्यात एकच संगणक २२४ मापे घेऊन १२९ झडपा स्वतः फिरवू लागला. भिंतभर पसरलेल्या जुन्या उपकरणांची जागा एका कपाटाने घेतली.

सोय मोठी, पण तिच्यातच धोका होता. त्या आरंभीच्या काळातील संगणक सरासरीने ५० ते १०० तास चालले की बिघडत. घरातील सगळ्या चुली एकाच व्यक्तीच्या हवाली कराव्या आणि चार दिवसांनी तिला भोवळ यावी, तसे हे होते. एक कपाट बंद पडले तर सारी भट्टी आंधळी होणार! म्हणून शहाणे कारखानदार संगणकाच्या शेजारी जुनी उपकरणेही राखून ठेवीत. म्हणजे खर्च दुप्पट झाला आणि चिंता होती तेथेच राहिली.

१९७० नंतर मायक्रोप्रोसेसर बनू लागले. बोटाच्या पेराएवढा हा तुकडा लहानशा संगणकाचे काम करी. तेव्हा, एक मोठा मेंदू कशाला? अनेक लहान मेंदू का नसावेत? अमेरिकेतील हनीवेल आणि जपानमधील योकोगावा या दोन कंपन्यांनी १९७५ साली, एकाच वर्षी, अशा यंत्रणा बाजारात आणल्या. हनीवेलची ‘टीडीसी २०००’ आणि योकोगावाची ‘सेंटम’. हनीवेल आपली वंशावळ बुट्झच्या त्या झाकणापर्यंत नेते. योकोगावाचा आरंभ १९१५ साली टोकियोत वीजमापके बनविण्यापासून झाला, आणि तिचे संस्थापक, गंमत अशी की, इमारतींचे आराखडे काढणारे वास्तुविशारद होते.

‘टीडीसी २०००’ मधील एका पेटीकडे आठ चक्रे सोपविलेली असत. आपली आठ चुली तिने सांभाळाव्या, शेजारणीच्या पाहू नयेत. सर्व पेट्या एका तारेने जोडलेल्या असत व त्या तारेवरून प्रत्येकीची हालहवाल नियंत्रणकक्षातील पडद्यावर दिसे. एक पेटी बिघडली तर आठच चक्रे अडत. मधली तार तुटली तरी पेट्या आपले काम चालूच ठेवीत. फक्त माणसाला ते दिसत नसे. हीच वितरित नियंत्रण प्रणाली होय. आता महत्त्वाच्या पेटीला बहुधा एक जुळी बहीण देतात. पहिली थांबली की दुसरी त्याच क्षणी काम उचलते. झडपाही शहाण्या असतात. हवेचा पुरवठा तुटला तर इंधनाची झडप आतील स्प्रिंगच्या जोराने मिटते. थंड पाण्याची झडप मात्र उघडते.

पुढे स्वित्झर्लंड-स्वीडनची एबीबी, जर्मनीची सीमेन्स, अमेरिकेची इमर्सन अशा कंपन्याही या कामात अग्रेसर झाल्या. टाटा उद्योगसमूह व हनीवेल यांची भागीदारीतील कंपनी पुण्यात निघाली. २००४ साली तिचे नाव हनीवेल ऑटोमेशन इंडिया असे झाले. ती हडपसरला आहे. वीजकेंद्रे, खतांचे कारखाने, औषधांचे कारखाने, सर्वत्र अशा यंत्रणा लागतात.

कारभार वाटून दिला तरी शेवटचा निर्णय पडद्यासमोर बसलेल्या माणसाकडे असतो. त्याच्यापुढे किती बातम्या याव्यात, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात, सकाळच्या विजांच्या वादळानंतर बिघाड सुरू झाला. एक झडप मिटलेली होती. पडद्यावर मात्र ती उघडी दिसत होती. पात्रात तेल शिरत राहिले व बाहेर पडेना. स्फोटापूर्वीच्या अखेरच्या ११ मिनिटांत दोघा चालकांपुढे धोक्याच्या २७५ सूचना येऊन पडल्या. एक वाचून होते न होते तोच पुढच्या दोन! त्यांतील महत्त्वाची कोणती, हे निवडायला त्यांना उसंतच मिळाली नाही. स्फोटात २६ जणांना दुखापत झाली. रविवार असल्यामुळे कारखान्यात माणसे थोडी होती.

त्यानंतर सूचनांची छाननी करणे हे या क्षेत्रातील एक स्वतंत्र शास्त्रच झाले. कोणती सूचना ओरडून सांगावी, कोणती नुसती नोंदवावी, कोणती मुळीच देऊ नये, हे आता आधी ठरवितात. आणि झडपेच्या दांडीला एक लहानसा काटा असतो. पडद्यावरील आकड्यांचा मेळ बसेनासा झाला की नियंत्रणकक्षातून निरोप जातो, आणि पाळीवरचा माणूस डोक्यावर शिरस्त्राण घालून, हातात विजेरी घेऊन, तो काटा पट्टीवर कोठे उभा आहे हे पाहायला भट्टीपर्यंत चालत जातो.