पाहुण्याला कामाला लावा

आपल्याकडे महाविद्यालयात मोठा कलावंत आला की कार्यक्रम ठरलेला असतो. प्राचार्यांच्या खोलीत चहा, मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, परिचय करून देणाऱ्याचे लांबलेले भाषण आणि त्यानंतर पाहुण्यांचे ‘दोन शब्द’. मुले खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात. शेवटी फोटो निघतात आणि गाडी स्टेशनकडे वळते.

अमेरिकेत टेक्सास राज्यात डेंटन नावाचे गाव आहे. डॅलसच्या उत्तरेला, गाडीने तासाभराच्या आत. तिथल्या नॉर्थ टेक्सास विद्यापीठात जॅझ वाजवणारा एखादा नामांकित पाहुणा आला की त्याला हार नाही, तुरा नाही. पाण्याची बाटली हातात देतात आणि थेट तालमीच्या खोलीत नेऊन उभा करतात. मग तो स्वतः राबतो, पोरांना राबवतो आणि अखेरच्या संध्याकाळी त्यांच्याच रांगेपुढे उभा राहून त्यांच्याबरोबर वाजवतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी लेक तिथे शिकते आणि ट्रॉम्बोन वाजवते. मी मूळचा मिरजेचा. सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. शाळेत असताना तबला शिकलो, पुढे इंजिनिअर झालो आणि तबल्याची जोडी कपाटावर गेली. नोकरीने टेक्सासला आणून सोडले. इथल्या शाळांत साधारण सहावीत मुलांना बँडमधले वाद्य निवडायला सांगतात. लेकीने नेमके सगळ्यांत लांबलचक, गाडीच्या डिकीत आडवेच ठेवावे लागणारे वाद्य निवडले. घरात वर्षभर म्हैस हंबरल्यासारखा आवाज येत होता. आता त्याच आवाजासाठी आम्ही तिकीट काढून जातो.

डेंटनचे नाव जॅझवाल्यांत आदराने घेतात, त्याला कारण आहे. १९४७ साली इथे जॅझची पदवी सुरू झाली, देशातली पहिली. तेव्हा हे शिक्षक घडवणारे सरकारी महाविद्यालय होते आणि जॅझ म्हणजे दारूच्या गुत्त्यातले संगीत, असा सभ्य लोकांचा समज होता. म्हणून कागदोपत्री त्या विषयाला ‘डान्स बँड’ असे सोवळे नाव दिले. ज्याने हा अभ्यासक्रम उभा केला, त्या जीन हॉलने १९४४ मध्ये याच विषयावर पदव्युत्तर पदवीचा प्रबंध लिहिला होता. १९५९ पासून लिऑन ब्रीडन या प्राध्यापकाने बँडची सूत्रे हाती घेतली आणि २० हून अधिक वर्षे सांभाळली. १९७५ च्या सुमाराचा त्यांचा ‘लॅब ७५’ हा अल्बम ग्रॅमी पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोहोचला. विद्यार्थ्यांच्या बँडला असा मान त्याआधी मिळाला नव्हता.

इथल्या बँडांना ‘लॅब बँड’ म्हणतात आणि त्यांची नावे तालमीच्या वेळेवरून पडली आहेत. दुपारी एकला बसतो तो ‘वन ओक्लॉक’. तो सगळ्यांत वरचा. मग दोनचा, तीनचा, असे उतरत जायचे. दरवर्षी चाचणी देऊन जागा मिळवावी लागते. लेकीचा बँड वरून मोजायला लागलो तर बोटे पुरवून वापरावी लागतात. पण पाहुणा फक्त वरच्या मुलांसाठी येतो असे नाही. गेल्या खेपेला तो लेकीच्या बँडकडेही आला. मला मागच्या खुर्चीवर, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर बसू दिले.

त्या खोलीत काय घडले ते सांगण्याआधी, हे संगीत कसे चालते ते थोडक्यात सांगतो. बिग बँडमध्ये साधारण १७-१८ जण असतात. पुढे पाच सॅक्सोफोन, त्यांच्या मागे चार-पाच ट्रॉम्बोन, सर्वांत मागे चार-पाच ट्रम्पेट. एका बाजूला पियानो, गिटार, बास आणि ड्रम्स, म्हणजे ऱ्हिदम सेक्शन. बहुतेक सगळे लिहिलेले असते. प्रत्येकापुढे स्टँडवर त्याचा कागद. मधूनमधून मात्र कागदावर मोकळी जागा सोडलेली असते. तिथे एकाने उठून मनाचे वाजवायचे. नवख्या कानाला तो गोंधळ वाटतो, पण तो आवर्तनात बांधलेला असतो. पुष्कळ रचना ३२ बारांच्या असतात, एका बारात ४ मात्रा, म्हणजे १२८ मात्रांचे आवर्तन. ब्लूज असेल तर १२ बारांचे, ४८ मात्रांचे. वाजवणारा कितीही भरकटला तरी त्याला सम सापडावी लागते. आपल्यापेक्षा वेगळे ते एवढेच, की इथे खालचे स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, जवळजवळ प्रत्येक बारला बदलतात आणि वरच्या वादकाला त्या प्रत्येक बदलाची दखल घ्यावी लागते. तबला विसरलेल्या माणसालाही मात्रा मोजता येतात, त्यामुळे मी त्या सभागृहात हरवत नाही.

त्या दिवशीचा पाहुणा न्यूयॉर्कहून आलेला ट्रॉम्बोनवादक होता. साठी उलटलेली, पायात कॅनव्हासचे बूट. त्याच्या रचनांचे कागद मुलांना काही आठवडे आधीच आले होते. पहिल्यांदा त्याने अख्खी रचना न थांबवता वाजवून घेतली. मला तर ती झकास वाटली. त्याने मात्र पहिला प्रश्न विचारला : “पेन्सिली कुणाकुणाकडे आहेत?”

एका जागी सगळ्यांना मिळून एक लांब सूर धरायचा होता. सॅक्सोफोनवाले तो चौथ्या मात्रेला सोडत होते, ट्रम्पेटवाले पुढच्या पहिल्या मात्रेपर्यंत ताणत होते. मधले ट्रॉम्बोन ज्याचा जसा श्वास संपेल तसे सोडत होते. फरक जेमतेम एका मात्रेचा होता, पण त्यामुळे पुढचा जोरकस तुकडा मार खात होता. पाहुण्याने निर्णय मुख्य ट्रम्पेटवाल्या मुलीवर सोपवला. ती म्हणेल तिथे सूर तुटेल आणि बाकीचे तिच्यामागून जातील. ती म्हणाली, चौथ्या मात्रेला. सगळ्यांनी पेन्सिलीने खूण केली. मग त्याने वाद्ये मांडीवर ठेवायला लावली आणि तो तुकडा तोंडाने म्हणायला लावला. डू-डाट, डू-बी-डाट. एवढी मोठी मुले एकसुरात बोल म्हणताना पाहून मला आमच्या मिरजेच्या सरांची आठवण झाली. पढंत झाल्याशिवाय ते तबल्याला हात लावू देत नसत. तोंडाने बरोबर आल्यावर वाद्य उचलले तर पहिल्याच झटक्यात सूर एकदम तुटला, कात्रीने कापावा तसा. पुढचा तुकडा आपोआप उजळला.

मग ड्रम्सवाल्याची पाळी. पायाने वाजवायचा मोठा ड्रम तो जोरात हाणत होता. पाहुण्याने सांगितले, चारही मात्रांवर वाजव, पण इतका हलका की प्रेक्षकाला ऐकू जाऊ नये, फक्त बासवाल्याला जाणवावा. त्या मुलाला ते जमायला बराच वेळ लागला. जमले तेव्हा सगळा बँड एकदम मोकळा चालायला लागला.

लेकीच्या हातात त्या दिवशी बेसिन तुंबल्यावर दाबायचा रबरी पंप होता, दांडा काढलेला. हार्डवेअरच्या दुकानातून मीच आणून दिला होता. ट्रॉम्बोनच्या तोंडापुढे तो उघडला-झाकला की माणूस बोलल्यासारखा वा-वा आवाज निघतो. ड्यूक एलिंग्टनच्या बँडने ही युक्ती १९२० च्या दशकात लोकप्रिय केली. लेक तो सरसकट हलवत होती. पाहुण्याने तिला आधी एक वाक्य बोलायला सांगितले, साधे, इंग्रजीतले. मग तेच वाक्य वाद्यातून काढायला सांगितले, स्वराला उघडायचे आणि व्यंजनाला झाकायचे. तिसऱ्या वेळेला मागच्या रांगेतून हशा आला. वाक्य सगळ्यांना कळले होते.

एका मुलाला एकट्याने वाजवायची जागा होती. त्याची बोटे भलती चपळ, त्यामुळे तो एका आवर्तनात येईल तेवढे सगळे भरत होता. पाहुण्याने त्याला पुढचे आवर्तन फक्त तीन सुरांत वाजवायला सांगितले. तीनच सूर उरले की लय, जोर आणि थांबणे यांवरच भागवावे लागते. मुलगा आधी घाबरला. पण आवर्तन संपले तेव्हा तो पहिल्यांदाच काहीतरी सांगत होता.

कार्यक्रमाच्या रात्री आणखी एक धडा मिळाला, तोही रंगमंचावर. पाहुण्याने दोन आवर्तने घ्यायची ठरली होती. रंगात येऊन त्याने तिसरे सुरू केले. मागच्या ट्रॉम्बोनना त्याच्या मागे वाजवायचा तुकडा लिहून दिलेला होता आणि तो कुठे सुरू करायचा हे आता कागद सांगणार नव्हता. त्यांच्या रांगेतल्या पहिल्या मुलाने मांडीजवळ बोटे उघडत बार मोजायला सुरुवात केली. बाकीच्यांची नजर त्या बोटांवर. बँडच्या प्राध्यापकांनी डोक्यावर हात थोपटला. याचा अर्थ ‘हेड’, म्हणजे मूळ चालीवर परत. सगळे एकदम उतरले. वर्गात सांगून हे शिकवता येत नाही. त्यासाठी ऐन वेळी वाट बदलणारा माणूस लागतो.

या परंपरेची मोठी मोठी उदाहरणे डेंटनवाले आवडीने सांगतात. जून १९६७ मध्ये थायलंडचे राजे भूमिबोल अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. हे राजे स्वतः सॅक्सोफोन वाजवत, जॅझ रचत. व्हाइट हाऊसमधल्या मेजवानीला डेंटनच्या मुलांचा बँड बोलावला गेला आणि त्यांच्याबरोबर वाजवायला आले सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि खुद्द ड्यूक एलिंग्टन. वर्गात ज्यांच्या रेकॉर्डी घासून ऐकल्या, ते शेजारी उभे! स्टॅन केंटन या बँडप्रमुखाने तर आपल्या बँडच्या लिखित रचनांचा सगळा संग्रहच या विद्यापीठाला देऊन टाकला. तालमीच्या सभागृहाला त्याचेच नाव आहे.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. पंडित रविशंकर यांची कन्या नोरा जोन्स इथे जॅझ पियानो शिकत होती. विद्यापीठात वाजवायला आलेल्या एका बँडला गाडीतून नेण्या-आणण्याचे काम तिच्याकडे आले. त्या वादकांना भेटायला त्यांचा मित्र जेसी हॅरिस आला होता. ओळख झाली, पुढे तो तिला आपल्या गाण्यांचे कागद पाठवत राहिला. ती न्यूयॉर्कला गेली आणि २००२ च्या तिच्या पहिल्याच अल्बमने जग जिंकले. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा कर्ता हॅरिस. २००३ मध्ये त्या गाण्यासाठी त्याला ग्रॅमी मिळाला.

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकेचे कौतुक पुरे. पण मुंबईला हे परके नव्हते. गोव्याच्या चर्चमधल्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक ताज हॉटेलात परदेशी जॅझवाल्यांच्या खांद्याला खांदा लावून वाजवत. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या सी. रामचंद्रांच्या चालींत आला आणि १९५१ चा ‘अलबेला’ त्याच्या साथीने दुमदुमला. १९५८ मध्ये जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला तेव्हा सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसून त्याने वाजवले. १९७८ पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरू लागली, पहिल्याच यात्रेत सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स वाजवून गेला. पाहुणे येत होते, दिग्गज येत होते. त्यांच्या शेजारी वाजवायला मिळाले ते व्यावसायिकांना. शिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला बहुतेक वेळा प्रेक्षकांतली खुर्चीच आली.

डेंटनला पाहुण्यांच्या मानधनासाठी दात्यांनी दिलेला कायमचा निधी आहे, हे खरे. तेवढा पैसा आपल्या महाविद्यालयांकडे नसेल. पण त्या तालमीत जे घडले त्यातले बहुतेक पेन्सिलीने झाले. लागला तो वेळ, आणि मुलांनी आधी करून ठेवलेली तयारी. माझे म्हणणे फक्त जॅझपुरते नाही. गायन, तबला, बासरी, लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटसुद्धा, सगळ्यांना हे लागू आहे. बुजुर्गाला मुलांसमोर बसवण्यापेक्षा मुलांमध्ये बसवले तर त्याच्याकडून दुप्पट मिळते.

तेव्हा तुम्ही एखाद्या महाविद्यालयाच्या सांस्कृतिक मंडळावर असाल तर एवढे करा. शालीचा खर्च ठेवा हवा तर, पण निमंत्रणपत्रात एक ओळ वाढवा : एक दिवस आधी या, आमच्या मुलांना तुमच्याबरोबर वाजवायचे आहे.