बालगायकाची कीर्ति आणि तिचें मोल

कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत स्ट्रॅटफर्ड हें एक लहानसें शहर आहे. तेथें आई व आजीआजोबा यांच्या छायेंत वाढलेला जस्टिन बीबर २००७ सालीं गांवच्या गायनस्पर्धेंत दुसरा आला. जे आप्त हजर नव्हते त्यांनाहि तें गाणें ऐकतां यावें, एवढ्याच हेतूनें आईनें त्याची चित्रफीत यूट्यूबवर ठेविली. पुढें इतर गायकांचीं गाणीं तो म्हणत गेला आणि आप्तांबरोबर परकेहि ऐकूं लागले. अटलांटाचे व्यवस्थापक स्कूटर ब्रॉन यांच्या दृष्टीस त्यांतील एक फीत सहज पडली. त्यांनीं मायलेकांना बोलावून घेतलें व अशर या नामांकित गायकाशीं गांठ घालून दिली. २०१० च्या ‘बेबी’ या गीतानें तर त्याचें नांव जगभर झालें. १० मे २०१७ रोजीं त्याला ऐकण्यास नव्या मुंबईंतहि तरुणांची झुंबड उडाली.

परंतु त्याच वर्षीं जुलैमध्यें त्यानें दौऱ्यांतील उरलेले कार्यक्रम रद्द केले. कोवळ्या वयांतील कीर्तीनें आपला तोल गेला व एकोणिसाव्या वर्षीं आपण अमली पदार्थांच्या आहारीं गेलों, असें २०१९ सालीं त्यानेंच जाहीरपणें सांगितलें.

मुलांचे गुण झांकून ठेवावेत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. मात्र घरांतील गाणें चव्हाट्यावर मांडण्यापूर्वीं, येणारी स्तुति व निंदा पेलण्याइतकें त्या मुलाचें मन पक्व झालें आहे काय, याचा विचार वडील माणसांनीं अवश्य करावा.