रोजचा बॅकअप खरंच होतोय का? टास्क शेड्यूलरची झाडाझडती



शाळेच्या संगणकात आता काय नसतं? निकालपत्रकं, शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या प्रती, शालेय पोषण आहाराचा हिशोब, शिष्यवृत्ती परीक्षेच्या फॉर्मसाठी जमवलेले फोटो आणि जन्मतारखा, यू-डायसला भरलेल्या माहितीची प्रत. मूळ रजिस्टर कपाटात असतं हे खरं, पण पाच वर्षांची एक्सेल हार्डडिस्कबरोबर गेली तर ती पुन्हा टाइप करायला अख्खी सुट्टी जाते. म्हणून बऱ्याच शाळांमध्ये कुणीतरी जाणकार शिक्षक एक छोटी बॅच फाइल करून ठेवतो. ती रोज ठरलेल्या वेळी शाळेचं फोल्डर दुसऱ्या हार्डडिस्कवर किंवा दुसऱ्या संगणकावर उतरवते. फाइल चालवायचं काम विंडोजमधल्या टास्क शेड्यूलरचं, आणि प्रत्यक्ष कॉपी करायचं काम बहुतेक वेळा रोबोकॉपी या विंडोजमध्येच येणाऱ्या आज्ञेचं.

एकदा लावून दिलं की सगळे निर्धास्त होतात. अडचण तिथंच आहे. आपण हाताने कॉपी करतो तेव्हा काही बिघडलं तर पडद्यावर चौकट येते. ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम बिघडलं तर चौकट बघायला कुणीच नसतं. महिनोन्‌महिने बॅकअप बंद असतो आणि कळतं ते नेमकं ज्या दिवशी जुनी फाइल लागते त्या दिवशी.

आधी बघा, काम सुरू तरी झालं का?

टास्क शेड्यूलर उघडा, आपलं काम शोधा आणि 'लास्ट रन टाइम' या रकान्यातली तारीख वाचा. 'हिस्टरी' रिकामी दिसली तर घाबरू नका. ती बऱ्याचदा मुळातच बंद असते, उजव्या बाजूच्या यादीतून सुरू करावी लागते.

तारीख जुनी असेल तर आपल्याकडच्या शाळांमध्ये पहिला संशय वेळापत्रकावर घ्यावा. बुलढाणा जिल्ह्यात उन्हं तापली की शाळा सकाळची होते. बॅकअपची वेळ दुपारी साडेचारची ठेवलेली असते आणि संगणक बाराच्या आतच बंद झालेला असतो. पुढे उन्हाळ्याची सुट्टी, आणि विदर्भातल्या शाळा उघडतातही बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा. म्हणजे तीन-चार महिने बॅकअप एकदाही होत नाही, आणि यात तांत्रिक बिघाड काहीच नसतो! यावर उपाय सोपा आहे. कामाच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव' अशा अर्थाची एक खूण असते. ती मुळात केलेली नसते, आपण करायची. मग दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक लावला की राहिलेलं काम थोड्या वेळात सुरू होतं. लिनक्सवाल्यांसाठी एवढंच की, क्रॉन चुकलेलं काम भरून काढत नाही. त्यासाठी अ‍ॅनाक्रॉन असतं.

लॅपटॉप असेल तर 'कंडिशन्स'मध्येही डोकवा. 'वीजजोडणीवर असेल तरच चालव' ही अट तिथं आधीपासूनच लागलेली असते. लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, की काम सुरूच होत नाही. इन्व्हर्टरचा इथं त्रास नाही, कारण लॅपटॉपला तीही वीजच वाटते. पण यूएसबी वायरने संगणकाला जोडलेला यूपीएस मात्र विंडोजला बॅटरीसारखाच दिसतो.

आणि घड्याळ! शाळा सुटताना मेन स्विच बंद करायची आपली पद्धत चांगलीच आहे, पण त्यामुळे मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर भार येतो. तो संपला की रोज सकाळी संगणक कुठल्यातरी जुन्या सालात जागा होतो. मग कामाची वेळ येतच नाही. ड्राइव्हवर फाइल चढवणंही बंद पडतं, कारण चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित जोडणी नाकारली जाते. आणखी एक छुपा घोटाळा होतो. बॅच फाइलमध्ये 'जुन्या फाइल वगळ' असा स्विच असेल, तर आज दुरुस्त केलेल्या फाइलवर जुनी तारीख पडते आणि रोबोकॉपी तिला जुनी समजून सोडून देतं. सीआर २०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बाकी काही करायच्या आधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघायची सवय लावलेली बरी.

काम झालं म्हणतंय, पण काय झालं?

'लास्ट रन रिझल्ट' या रकान्यात एक आकडा असतो. शून्य म्हणजे सगळं ठीक, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. म्हणून एक दिसला की लोक बिघाड शोधायला लागतात. रोबोकॉपीचा हिशोब मात्र वेगळा आहे. तिथं शून्य म्हणजे कॉपी करण्यासारखं काही सापडलंच नाही, आणि १ म्हणजे फाइल व्यवस्थित कॉपी झाल्या. २ म्हणजे बॅकअपच्या जागी काही जादा फाइल आहेत, ३ म्हणजे १ आणि २ मिळून. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तर काही फाइल राहिल्या. १६ म्हणजे कामच झालं नाही, उदाहरणार्थ हार्डडिस्क जोडलेलीच नव्हती. गंमत म्हणजे रोज नवीन काम होणाऱ्या शाळेत सलग आठवडाभर शून्य येत असेल, तर तीच काळजीची गोष्ट आहे. बहुधा बॅच फाइल भलत्याच फोल्डरची कॉपी करत बसलीय.

पण नुसत्या १ वरही भरवसा नको. बॅच फाइलमधला रस्ता चुकला तरी विंडोज पुष्कळदा १ हाच आकडा देतं. म्हणून निकाल नोंदवहीतून वाचावा. रोबोकॉपीला लॉग लिहायला सांगता येतं. त्यात शेवटी एक तक्ता येतो: एकूण किती, कॉपी किती, वगळल्या किती, फसल्या किती. आपली हजेरीची बेरीज जशी, तसाच.

काम तासन्‌तास 'रनिंग'च दिसतंय? दोन कारणं हमखास सापडतात. एक, बॅच फाइलच्या शेवटी कुणीतरी 'पॉज' लिहून ठेवलेलं असतं. हाताने चालवताना ते सोयीचं, पण आपोआप चालताना कळ दाबायला कोण बसलंय? दुसरं कारण रोबोकॉपीच्या स्वभावात आहे. एखादी फाइल अडली की ते मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, आणि दर वेळी ३० सेकंद थांबतं. हिशोब करून बघा (पाचवी-सहावीच्या मुलांनाही घालता येईल): सुमारे ३४७ दिवस होतात. बॅकअपमधली एक्सेल कुणी दुसऱ्या संगणकावर उघडी ठेवली तरी एवढं पुरतं, आणि तिच्या मागच्या सगळ्या फाइल रांगेत अडकतात. प्रयत्न दोन आणि थांबणं पाच सेकंद असं बॅच फाइलमध्ये लिहून टाकावं.

हाताने चालते, आपोआप चालत नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण असं की, आपण डबल क्लिक करतो तेव्हा आपण लॉगिन असतो, आपले ड्राइव्ह जोडलेले असतात. 'कुणी लॉगिन नसलं तरी चालव' असं लावलेलं काम वेगळ्या सत्रात चालतं, आणि तिथं आपण झेड किंवा वाय नाव देऊन जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह दिसतच नाही. गूगल ड्राइव्हचा जी ड्राइव्हही तसाच, आपण लॉगिन असेपर्यंतचा. नेटवर्कवरच्या फोल्डरचा संगणकाच्या नावासकट पूर्ण पत्ता लिहिला की पहिला प्रश्न सुटतो. 'स्टार्ट इन' हा रकाना रिकामा असेल तर काम विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम फोल्डरमधून सुरू होतं, आणि 'माझ्या शेजारची फाइल' म्हणून दिलेले अर्धवट पत्ते तिथं सापडत नाहीत.

मराठी नावांचं म्हणाल, तर आतल्या फाइलची नावं देवनागरीत खुशाल ठेवा, रोबोकॉपीला चालतात. बॅच फाइलमध्ये लिहायच्या मुख्य फोल्डरचं नाव मात्र रोमन लिपीत आणि मध्ये जागा न सोडता द्यावं. देवनागरी नाव बॅच फाइलमध्ये बरेचदा अगम्य चिन्हांत बदलतं, आणि जागा सोडलेलं नाव अवतरणात नसेल तर त्याचे दोन तुकडे होतात.

आरसा दाखवणारा स्विच

रोबोकॉपीत एमआयआर नावाचा स्विच आहे, म्हणजे मिरर. मूळ जागी जसं असेल तसंच बॅकअपमध्ये करायचं: नवीन ते आणायचं आणि मूळ जागी नसलेलं पुसायचं. लिनक्सच्या आरसिंकमध्ये हेच काम 'डिलीट' हा पर्याय करतो. ऐकायला छान वाटतं. आता समजा, कुणी जागा करायची म्हणून मूळ फोल्डरमधल्या फाइल दुसरीकडे हलवल्या आणि रिकामं फोल्डर तसंच ठेवलं. दुपारी साडेचारला बॅकअपही रिकामा. मूळ फोल्डरच सापडलं नाही तर रोबोकॉपी निदान चूक दाखवून थांबतं. रिकामं सापडलं तर ते आज्ञाधारकपणे सगळं पुसतं. पेनड्राइव्हचं अक्षर बदललं आणि बॅच फाइल थेट ड्राइव्हच्या मुळावर मिरर करत असेल, तर दुसऱ्याच्याच पेनड्राइव्हवरचं सामान जातं. माझं मत स्पष्ट आहे: शाळेच्या बॅकअपला हा स्विच लावू नये. जुन्या चार फाइल जास्त साठल्या तर साठू द्या. लावायचाच असेल तर आधी 'एल' स्विच लावून चालवा. त्यात काहीच कॉपी होत नाही, काही पुसलंही जात नाही, फक्त काय काय झालं असतं त्याची यादी मिळते.

मोठ्यांकडेही हे घडतं. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये सुपरकॉम्प्युटरच्या बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच तिची नवी आवृत्ती तिच्यावर टाकली गेली. जुने लॉग पुसायचे होते, पुसला गेला संशोधकांचा डेटा, सुमारे ७७ टेराबाइट. गिटलॅब या कंपनीत जानेवारी २०१७ च्या शेवटी चुकून डेटाबेस पुसला गेला तेव्हा कळलं की, रोजचा एक बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता. तो फसल्याचे ईमेलही पाठवले जात होते, पण ते समोरून नाकारले जात होते. दुसऱ्याच कारणाने काढलेली सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती होती, म्हणून बाकीचं वाचलं.

म्हणून दर महिन्याला, पगारबिलाच्या दिवसांत म्हणा, पाच मिनिटं काढा. बॅकअपची हार्डडिस्क दुसऱ्या संगणकाला लावा. कालच बदललेली एक फाइल आणि दोन वर्षांपूर्वीची एक फाइल उघडा. नुसती नावं बघू नका, आतले आकडे बघा. पालकांपैकी कुणी संगणकाचं काम करणारं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीआधी त्यांना शेजारी बसवा. लॉगचा तो शेवटचा तक्ता वाचायला दोघं असले की लवकर होतं.