आकडी आणि काठी

नगरच्या आमच्या घरात भिंतीवर उत्तम मेंढपाळाचं चित्र होतं. सोनेरी केसांचा येशू, खांद्यावर कापसासारखं पांढरंशुभ्र कोकरू. दसऱ्यानंतर त्याच घरासमोरून धनगरांचे वाडे जात, घोड्यावर लादलेला संसार, खांद्यावर घोंगडी, धुळीने माखलेली मेंढरं आणि बराच वेळ मागे रेंगाळणारा लोकरीचा वास. चित्र आणि रस्ता यांचा काही संबंध असेल, असं मला कधीच वाटलं नाही.

तेविसावं स्तोत्र मात्र तोंडपाठ होतं. त्यातल्या ‘आकडी’ या शब्दाशी मी अडखळत असे. आमच्या शेजारच्या मावशींना आकडी यायची. तिने कुणाला धीर कसा मिळेल? पुढे एकदा बाभळीची फांदी खाली ओढून शेरडांना पाला देणारा धनगर पाहिला. त्याच्या हातातल्या लांब काठीच्या टोकाला आकडी होती. तेव्हा उलगडा झाला.

मेंढपाळाची ही प्रतिमा बायबलची मक्तेदारी नाही. बॅबिलोनचा हम्मुराबी आपल्या कायद्यांच्या प्रस्तावनेत स्वतःला प्रजेचा मेंढपाळ म्हणवतो. राजे असं म्हणतातच. बायबल लिहिणाऱ्यांना मात्र हा धंदा आतून ठाऊक होता. हाबेल, मोशे, दावीद हे सगळे मेंढरांमागे फिरलेले. याकोबाने लाबानाकडे वीस वर्षं चाकरी केली आणि शेवटी भांडणात हिशेब मांडला, की दिवसा उन्हाने करपलो, रात्री थंडीने काकडलो, झोप डोळ्यांवरून उडाली, जनावरांनी फाडलेल्या मेंढरांची भरपाईही मीच दिली. यहेज्केल संदेष्टा तर थेट आरोपपत्रच लिहितो. मेंढपाळ स्वतःच चरबी खातात, लोकर पांघरतात, दुखावलेल्याला पट्टी बांधत नाहीत. म्हणून आता देव स्वतःच शोधायला निघणार. योहानाच्या दहाव्या अध्यायात लांडगा दिसताच पळणारा मोलकरी आणि जीव देणारा मेंढपाळ असा भेद येशू करतो, त्यामागे हा सगळा जुना राग आहे.

मराठीत धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात, आणि ‘पास्टर’ या लॅटिन शब्दाचा अर्थही मेंढपाळच. मंडळीच्या कमिटीत जमिनीवरून झालेली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय अधूनमधून वाचावा.

स्तोत्राकडे परत येतो. त्यात अवघी सहा वचनं आहेत. हिरवळ आणि संथ पाणी असेपर्यंत गाणारा देवाबद्दल बोलतो, तो असं करतो, तो तसं करतो. अंधारी दरी येते आणि सर्वनाम बदलतं. ‘तो’चा ‘तू’ होतो. आईच्या दफनविधीत हे स्तोत्र वाचलं जात असताना हा बदल मला पहिल्यांदा ऐकू आला. तोवर शेकडो वेळा म्हटलं असेल. दरी टळेल, असं स्तोत्र कुठेच म्हणत नाही. शत्रूही कुठे जात नाहीत, ते बघत असतानाच पंगत मांडली जाते. शेवटच्या वचनात देवाची दया मागे येते असं आपण वाचतो, पण तिथलं मूळ हिब्रू क्रियापद पाठलाग करण्याचं आहे. दया पाठीस लागते! हा दिलासा मवाळ नाही.

पहिल्या ख्रिस्ती लोकांना तो तसाच कळला असावा. रोममध्ये प्रिसिलाच्या भूमिगत दफनघरात, म्हणजे मृतांच्या सोबतीला, त्यांनी मेंढपाळ रंगवला. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे इ. स. 240च्या सुमारास घरातच केलेल्या चर्चमध्ये तो बाप्तिस्म्याच्या कुंडावर आहे. खांद्यावर कोकरू घेतलेला तरुण ही मूर्ती ग्रीकांकडून उचललेली. त्यांचा हर्मिसही असाच मेंढा वाहतो. पाचव्या शतकात राव्हेन्नाला गाला प्लासिडियाच्या समाधिगृहात पोहोचेपर्यंत त्याच्या अंगावर सोनेरी वस्त्र आलं आणि हातातली काठी जाऊन क्रूस आला. चित्र अप्रतिम आहे. पण या मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास येत नाही. बाखच्या ज्या सुरावटीवर आज लग्नात डोळे पाणावतात, ती मेंढरं निर्धास्त चरण्याची रचनाही मुळात एका ड्यूकच्या वाढदिवसासाठी, त्याच्या राज्यकारभाराच्या स्तुतीत केलेली. हम्मुराबी पुन्हा हजर.

आपल्याकडे ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला आळवलं ते माऊली म्हणून. पंढरीच्या वाटेवरच्या मुलखात तेच जवळचं होतं. गंमत अशी, की रा. चिं. ढेरे यांच्या मते खुद्द विठ्ठलच मुळात गवळी-धनगरांचा देव. त्यामुळे माऊली आणि मेंढपाळ यांच्यातलं अंतर वाटतं तेवढं नसावं.

एक सल राहतेच. मराठीत ‘मेंढरं’ ही शिवी आहे. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुतेक महार-मांग वस्तीतले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हाकललं गेलं, त्यांना कळप म्हणणं बोचतं. माझ्या चुलत्यांना ते कधीच पटलं नाही. ते म्हणत, मला राखू नका, बरोबर चला. मी त्यांच्याशी वाद घालत नसे. पण ती आकडी हाकलण्यासाठी नसून उंचावरचा पाला खाली आणण्यासाठी असते, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

लूकच्या शुभवर्तमानातला हिशेबही मला बरीच वर्षं छळत होता. एका हरवलेल्यासाठी नव्व्याण्णव रानात सोडून जायची? मागच्या हिवाळ्यात पारनेरच्या बाजूला एका वावरात मेंढरं बसवलेली होती. वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या, कडेला भाकरी भाजली जात होती. म्हाताऱ्या धनगराला मी ही गोष्ट सांगितली आणि विचारलं, बाकीच्यांचं काय?

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “भाऊ हाय की. आन् ही कुत्री काय नुसत्या भाकरी खाया पाळल्यात व्हय?”