पाचशेच्या नोटेत तंजावूर

1801 साली तंजावूरच्या सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिले. राज्याचा कारभार दोनच वर्षांपूर्वी, 1799 च्या तहाने, कंपनीच्या हाती गेला होता. राजांकडे उरला होता किल्ला, राजवाडा आणि ठरलेली नेमणूक. अशा वेळी त्यांनी मागितले काय, तर रामेश्वरच्या वाटेवरची अन्नछत्रे बंद पडू देऊ नयेत. तिथे काय चालते हे त्यांनी पत्रात तपशिलाने सांगितले आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला भात मिळतो. शिजवलेला नको असेल त्याला शिधा मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होतो की कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे. आजारी वाटसरूला बरा होईपर्यंत औषधपाणी, लेकरांना दूध, अनाथ मुलांना पंतोजी आणि तीन वेळचे जेवण. वेद शिकवणारे गुरुजी आणि वैद्य छत्रातच राहत.

खिशात फारसे पैसे नसलेला माणूस घराबाहेर पडेल, लांबवर जाईल, शिकेल आणि त्याची सोय राज्याने पाहायची असते, हे इथे गृहीत धरलेले होते. म्हणून परमुलखात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना स्वस्तातली एकच सहल सुचवायची झाली, तर मी तंजावूर सुचवते.

अशी मुले तमिळनाडूत थोडीथोडकी नाहीत. एनआयटीच्या निम्म्या जागा परराज्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी असतात, त्यामुळे त्रिचीच्या एनआयटीत दरवर्षी महाराष्ट्रातली मुले येतात. चेन्नईच्या आयआयटीत आहेत, वेल्लोरला आहेत. पहिले वर्ष जाते ते भाषा कळत नाही, फोडणीत कढीपत्ता फार, पोळी मिळत नाही या तक्रारींत. सुटी लागली की पाँडिचेरी नाहीतर कोडाईकनाल. आणि ज्या गावात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ मराठी राजभाषा होती, ते त्रिचीपासून तासाभराच्या, चेन्नईपासून एका रात्रीच्या अंतरावर असूनही राहून जाते. त्रिचीच्या एनआयटीचे फाटक तर तंजावूरच्याच हमरस्त्यावर आहे.

त्रिचीहून बस सतत असतात आणि रेल्वेही आहे. बस गावाबाहेरच्या नव्या स्थानकावर सोडते. तिथून जुन्या स्थानकाकडे जाणारी शहर बस धरायची, रिक्षा लागत नाही. चेन्नईकरांनी एग्मोरहून रात्रीची उळवन एक्स्प्रेस घ्यावी, म्हणजे पहाटे तंजावूर. परतही रात्रीच्या गाडीने, की राहण्याचा खर्च वाचला. रेल्वे स्थानक, बृहदीश्वराचे मोठे देऊळ आणि राजवाडा एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्रिचीहून येणाऱ्याचे प्रवास, केळीच्या पानावरचे जेवण, दोन वेळची कॉफी आणि तिकिटे पाचशेच्या नोटेत बसायला हरकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस आणि एप्रिल-मेचे ऊन टाळावे. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

दिवसाचा क्रम मात्र चुकवू नये. बृहदीश्वराचे देऊळ दुपारी बंद असते. राजवाड्यातली संग्रहालये दुपारी पाहता येतात. म्हणून आधी देऊळ, मग राजवाडा. शिवाय देवळात अनवाणी फिरायचे असते आणि अकरानंतर तिथल्या दगडी फरशीवर पाय ठेववत नाही.

देवळाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल सगळेच लिहितात. राजराज चोळाने ते 1010 मध्ये पुरे केले, विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, साठ मीटरहून उंच आहे, 1987 पासून ते जागतिक वारसा आहे. पायथ्याच्या दगडांवर चोळांचे तमिळ शिलालेख आहेत. कोणी काय दान दिले आणि देवळाच्या सेवेतल्या चारशे नर्तकींची घरे कुठे होती, इथपर्यंतची नोंद त्यांत आहे. बहुतेक मराठी पर्यटक विमानाकडे मान उंचावून पाहतात, नंदीसमोर फोटो काढतात आणि परततात. त्यांनी आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतींपाशी जायला हवे. तिथे ओळीमागून ओळी, देवनागरीत, मराठी कोरलेली आहे. भोसले घराण्याचा हा इतिहास सरफोजीराजांच्या आज्ञेने बाबूराव चिटणीस यांनी रचला आणि 1803 मध्ये तो कोरला गेला. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

तो वाचता येतो, हे महत्त्वाचे. मोडीत असता तर आपल्यापैकी बहुतेकांना नुसते पाहून पुढे जावे लागले असते. इथे थोडी सवय झाली की शब्द सुटू लागतात, मालोजी, शहाजी, शिवाजी अशी नावे ओळखू येतात. आजूबाजूला सगळे तमिळ बोलत असताना भिंतीवरचे मराठी अक्षर अक्षर लावून वाचण्यात जे समाधान आहे ते फोटोत मिळत नाही. मात्र तारखा आणि पराक्रम जसेच्या तसे खरे धरू नयेत; अभ्यासकांनी त्यातल्या चुका दाखवल्या आहेत. राज्य हातचे गेल्यानंतर चारच वर्षांनी एका राजाला आपल्या कुळाची हकिगत दगडावर, तीही चोळांच्या देवळात, लिहून ठेवावीशी वाटली, एवढे लक्षात घेऊन तो वाचावा.

आता राजवाडा. शनिवारवाडा किंवा कोल्हापूरचा नवा राजवाडा डोळ्यांपुढे ठेवून आलेल्यांचा इथे विरस होतो. एकसंध वास्तू नाही, चौकामागून चौक आहेत. काही भाग डागडुजी केलेला, काही पडझडीला आलेला. मूळ बांधकाम मराठ्यांआधी इथे राज्य करणाऱ्या नायकांचे. 1675 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी, म्हणजे शिवरायांच्या सावत्र भावाने, तंजावूर घेतल्यावर मराठ्यांनी त्यात भर घातली. नायकांचा संगीत महाल, मराठ्यांचा दरबार, मजल्यावर मजले चढवलेले बुरूज हे सगळे एकमेकांत मिसळले आहे. राजघराण्याचे वंशज आजही राजवाड्याच्या एका भागात राहतात आणि बृहदीश्वरासह अठ्ठ्याऐंशी देवस्थानांचे वंशपरंपरागत विश्वस्तपद त्यांच्याकडे आहे. कलादालनातली चोळकालीन कांस्यशिल्पे पाहायला अर्धा तास तरी द्यावा. तिथेच सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, लंडनच्या जॉन फ्लॅक्समनने घडवलेला. बाकीच्या दालनांत रेंगाळू नये. वेळ राखून ठेवायचा तो सरस्वती महालासाठी.

सरस्वती महाल ग्रंथालयाची सुरुवात नायकांच्या काळात झाली. त्याला आजचे रूप दिले सरफोजीराजांनी. 1918 पासून ते सर्वांसाठी खुले आहे. हस्तलिखितांची संख्या पन्नास हजारांच्या घरात जाते, त्यांत मराठीची तीन हजारांहून अधिक आहेत. सामान्य पाहुण्याला ग्रंथालयाशेजारचे छोटे संग्रहालय पाहता येते. आत फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरेच आहे. सुटीचे दिवस आणि वेळा निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात.

तिथे उभे राहताना सरफोजीराजांचे वय आठवावे. जन्म 1777 चा. तुळजाराजांनी दत्तक घेतले तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. राजे वारले, चुलते अमरसिंह गादीवर बसले आणि या मुलाचे शिक्षणच थांबवण्याचा प्रयत्न झाला. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांची पाठराखण केली. पुढे त्यांना मद्रासला हलवावे लागले आणि तिथे शिक्षण चालू राहिले. घरापासून दूर शिकण्यात काय असते हे या राजाला किशोरवयातच कळले होते. 1798 मध्ये गादी मिळाली, पुढच्याच वर्षी सत्ता गेली, आणि उरलेले आयुष्य त्यांनी शिकण्याला आणि शिकवण्याला दिले.

इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तके त्यांनी हजारोंनी जमवली आणि त्यांवर इंग्रजीत सही केली. राजवाड्यात नवविद्या कलानिधी शाळा काढली. छापखाना काढला आणि 1806 मध्ये इसापनीतीचा सखण पंडितांनी केलेला मराठी अनुवाद, ‘बालबोध मुक्तावली’, देवनागरी टायपात छापला. मुंबईत मराठी छपाईने मूळ धरण्याच्या आधीची ही गोष्ट. धन्वंतरी महालात देशी आणि युरोपी दोन्ही पद्धतींचे उपचार चालत. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे आणि सोबत रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे आजही सरस्वती महालाच्या संग्रहात आहेत. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्याने निव्वळ ही चित्रे पाहायला यावे. मोतीबिंदूच्या रुग्णाची नोंद दोनशे वर्षांपूर्वी किती काटेकोरपणे ठेवली जात होती ते त्यांतून कळते. पुढे 1820 च्या सुमारास राजे मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले आणि येताना ग्रंथ घेऊन आले. काशीच्या घाटांची चित्रेही इथे मांडलेली आहेत.

सरफोजीराजांच्या शंभर वर्षे आधी, याच राजवाड्यात, व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे नाटके लिहीत होते. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ 1690 च्या सुमाराचे, म्हणजे सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’च्या दीडशे वर्षे आधीचे. मराठी रंगभूमीचा इतिहास 1843 पासून मोजण्याची आपली सवय तंजावूरला येऊन बदलावी लागते. शहाजीराजांचे दुसरे एक नाटक, ‘पंचभाषाविलास’, याहून बोलके आहे. त्यात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषा आहेत. मराठी राजा, दरबारात तेलुगूचा मान, प्रजा तमिळ. आणि राजाने कोणतीच भाषा बाजूला सारली नाही.

माझ्या मते तंजावूरला जाऊन शिकायचे ते हेच. इथले मराठी टिकले ते दुसऱ्यांच्या भाषा शिकल्यामुळे. मराठी कीर्तनकारांची साकी, दिंडी आणि ओवी तमिळ हरिकथेत अशी मुरली की तमिळ भागवतर आजही ती म्हणतात. भरतनाट्यमची मांडणी बांधणारे चार तंजावूर बंधू सरफोजीराजांच्या दरबारातले. ‘आम्ही इथवर राज्य केले’ या अभिमानाने राजवाडा पाहणाऱ्याला पडकी भिंत दिसते. होस्टेलच्या मेसमध्ये तमिळचे चार शब्द शिकून आलेल्याला मात्र तिथे स्वतःचे पूर्वज भेटतात. तेही बाहेरून आलेले, भाषा शिकत शिकत रुळलेले. त्यांचे तंजावुरी मराठी आजही काही घरांत बोलले जाते. त्याची थट्टा करण्याचा मोह मराठी मुलांनी कटाक्षाने टाळावा. त्यातले कितीतरी जुने शब्द आपण केव्हाच हरवले आहेत.

ऊन उतरले की शिवगंगा तलावाजवळचे श्वार्ट्झचे चर्च पाहावे. 1779 चे आहे. आत फ्लॅक्समननेच कोरलेले स्मारक आहे: मृत्युशय्येवरचा गुरू आणि त्याचा हात धरलेले तरुण सरफोजी. जर्मनीत शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी या धाग्याचे दुसरे टोक तिकडे आहे. श्वार्ट्झ शिकला हाल्ले इथे. तिथल्या फ्रांके संस्थेच्या संग्रहात, तो ज्या मिशनमधून इकडे आला त्या तरंगंबाडीच्या मिशनचे कागद जपलेले आहेत. लाइपझिगहून लोकल गाडीने हाल्ले जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर आहे. तेही एका दिवसात, थोड्या पैशांत होण्यासारखे आहे.

1855 मध्ये सरफोजींचे पुत्र दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाईंनी खासगी मालमत्तेसाठी केलेला दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1859 मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. ग्रंथ मात्र वाचले, आणि मोडी दफ्तरांचे ढीगच्या ढीगही वाचले. हिशेब, हुकूम, छत्रांचा खर्च, दरबारातल्या कलावंतांचे पगार हे सगळे त्यांत आहे. तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने त्यातल्या निवडक कागदांचे तमिळ भाषांतर करून छापले. म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या या दफ्तराचा तेवढा भाग आज आपल्यापेक्षा तमिळ वाचक अधिक सहज वाचू शकतो.

महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. दक्षिणेत शिकायला निघालेल्या मुलामुलींनी जाण्याआधीच्या सुटीत असा एक वर्ग जरूर करावा आणि तिथे पोहोचल्यावर पहिल्याच सत्रात तंजावूर गाठावे. त्या दफ्तरांना मोडी वाचणारे हवे आहेत, आणि तुम्ही तासाभराच्या, फार तर एका रात्रीच्या अंतरावर राहता.