घटातील माती आणि वावरातील माती

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. शेतकऱ्याच्या घरी त्यासाठी स्वतःच्या वावरातील काळी माती आणण्याची रीत आहे. नाशिकच्या द्वारका भागातील बिऱ्हाडांना मात्र तीही बहुधा विकतच आणावी लागते. पत्रावळीवर माती पसरून सप्तधान्य पेरावे, मधोमध पाण्याचा घट ठेवावा आणि त्याच्या पाझरावर नऊ दिवसांत धान्य वाढावे, अशी ही पूजा. कृषिशास्त्राच्या दृष्टीने ही बियाण्याची व मातीची परीक्षाच होय. मातीत क्षार फार असले तर ओल असूनही बीज पाणी शोषू शकत नाही आणि कोंब विरळ येतात.

ही चिंता नाशिककरांना परकी नाही. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या गोदावरी कालव्यांनी निफाड, कोपरगावकडे ऊस आणला; पण भारी काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा मंद. भूगर्भातील पाणी वर चढले, उन्हाने आटले, क्षार मागे राहिले. त्यांतील सोडियम चिकणमातीच्या कणांना बिलगला की जमीन चोपण होते. पावसाचे पाणीही तीत मुरत नाही. कालव्याखालील जमिनींच्या अशाच प्रश्नांचा अभ्यास १९३२ साली स्थापन झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात झाला.

उपाय आहे, पण त्याला क्रम आहे. आधी निचऱ्याचे चर, मग जिप्सम. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतो आणि पाऊस त्याला चरावाटे वाहून नेतो. चर न खणता जिप्सम टाकणे म्हणजे पैसा मातीत घालणे! जमीन मुळात चुनखडीची असेल तर गंधकही चालते. सूक्ष्म जंतू त्याचे आम्ल करतात व ते आम्ल चुन्यातील कॅल्शियम मोकळा करते.

द्राक्षमळ्यांचे दुखणे निराळे. कोवळे पान पिवळे, शिरा तेवढ्या हिरव्या. जमिनीत लोह असते, पण चुनखडी ते बांधून ठेवते. अशा वेळी पाणी वाढविल्यास रोग बळावतो. फेरस सल्फेटची पानांवर फवारणी मात्र उपयोगी पडते.

यांतील कोणते दुखणे आपल्या वावराचे, हे डोळ्यांनी ठरत नाही. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद मिळते. दसऱ्याला घट उठले की रब्बीचे खत देण्यापूर्वी नमुना घ्यावा. बांध, झाडाची सावली व उकिरड्याची जागा टाळून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यावेत, कडेची माती खरवडून एकत्र करावी आणि त्यातील अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. खताच्या रिकाम्या गोणीत मात्र कदापि भरू नये. तीत उरलेले चिमूटभर खतही सारी तपासणी खोटी पाडते.